फुटबॉलचा प्रेक्षक आणि ख्रिस्ती श्रद्धा

लोणारच्या सरोवराच्या कड्यावर तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. उल्केच्या आघाताने झालेला तो एक अवाढव्य वाडगा आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि तळ कड्याच्या खाली दीडशे मीटरांच्या आसपास. पाहणारा वर, आणि जे काही पाहायचे ते खाली. प्राचीन ग्रीक लोकांनी क्रीडांगणे केली ती पुष्कळशी ह्याच बेताने. चढावर माणसे बसवायची, मध्ये सपाट जागा ठेवायची, म्हणजे शेवटच्या माणसालाही धावणाऱ्याचे पाय दिसतात.

बायबलाच्या उत्तरार्धात, म्हणजे नव्या करारात, ‘इब्री लोकांस पत्र’ म्हणून एक पत्र आहे. त्याच्या अकराव्या अध्यायात अब्राहाम, मोशे अशा पूर्वीच्या श्रद्धावंतांची लांबलचक यादी येते, आणि बारावा अध्याय उघडताच लेखक एकदम आपल्याला अशा क्रीडांगणात नेऊन उभे करतो. होऊन गेलेले ते सगळे लोक कडेने दाट बसले आहेत आणि शर्यत आता तुमची आहे, असे ते चित्र आहे. संत पौलानेही हीच भाषा वापरली. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने होत आणि जिंकणाऱ्याच्या डोक्यावर झाडपाल्याचा मुकुट घालीत. करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, नवव्या अध्यायाच्या शेवटी, पौल त्या मुकुटाकडेच बोट दाखवतो. धावणारा किती पथ्ये पाळतो, आणि मिळवतो काय, तर सुकून जाणारा पाला, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे खेळणाऱ्याबद्दल झाले. पण आपल्यातले किती जण खेळतात? गावातली पन्नास पोरे दूरदर्शन संचापुढे किंवा मोबाइलपुढे बसून विश्वचषकाचा सामना पाहतात, त्यातली पाच जणही चेंडूला पाय लावीत नाहीत. पाहणाऱ्याला काही मिळते का? ज्याने कधी गोल केला नाही, करणारही नाही, अशा माणसाला एखाद्या क्लबाच्या पाठीशी वर्षानुवर्षे उभे राहण्यातून श्रद्धेचे काही शिकता येते का? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर विदर्भ सोडून गोव्याकडे जावे लागते. तिथे फुटबॉल आणि ख्रिस्ती धर्म ह्यांचे घर एकमेकांना लागून आहे.

हे अक्षरशः खरे आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती गावात मध्यभागी इगर्ज, म्हणजे चर्च, असते. अनेक ठिकाणी इगर्जीपुढे मोकळी जागा आणि त्या जागेवर दोन्ही टोकांना गोलाचे खांब. १८८३ साली शिवोली गावात पाद्री विल्यम रॉबर्ट लायन्स ह्यांनी हा खेळ गोव्यात आणला असे मानतात, आणि ख्रिस्ती शिक्षणाचा एक भाग म्हणून तो मुलांना शिकवला गेला. पुढे भात कापून झाले की रिकामी शेते हीच मैदाने झाली. गावच्या फेस्ताला, म्हणजे संताच्या जत्रेला, सकाळी मिस्सा आणि संध्याकाळी सामना हा रिवाज पडला. मात्र खेळ एकट्या ख्रिस्ती लोकांचा राहिला असे समजू नका. धंदेवाईक फुटबॉलात गोव्याचे नाव ज्यांनी काढले त्यांतले धेंपो आणि साळगावकर हे क्लब हिंदू उद्योगपतींच्या घराण्यांनी चालवले. गोव्याचे सर्वांत गाजलेले गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर. तेव्हा मंगळवारी नोव्हेना करणारी आजी आणि एकादशी धरणारे शेजारी एकाच गोलासाठी जीव मुठीत धरून बसलेले असतात. मला स्वतःला गोव्याच्या फुटबॉलातली ही गोष्ट फार मोलाची वाटते.

सामना संपल्यावर बाहेर पडणाऱ्या माणसांचे बोलणे ऐकले आहे का? आपला संघ जिंकला तर माणूस काय म्हणतो? “आम्ही जिंकलो.” वास्तविक तो बसून होता. चणे खात होता. घाम अकरा जणांनी गाळला, दुखापत त्यांनी सोसली, आणि हा म्हणतो ‘आम्ही’. कोणी त्याला हटकत नाही, कारण ते खोटे नाही. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकात भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. चारांपैकी तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. आसगावचा हा गोमंतकीय मुंबईत खेळत असे, आणि ऑलिंपिक फुटबॉलात एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. आज तेव्हा न जन्मलेला पोरगाही म्हणतो, आपण ऑस्ट्रेलियाला हरवले होते. आपल्याकडे कुस्तीच्या फडातून गावचा पैलवान गदा घेऊन आला की म्हातारी माणसेसुद्धा ‘आपण गदा आणली’ म्हणतात, तसेच हे.

ख्रिस्ती धर्मात ‘कृपा’ हा जो शब्द सारखा येतो, त्याचा अर्थ समजावून सांगायला ह्याहून सोपा दाखला मला सापडलेला नाही. पुष्कळांची समजूत अशी असते की, धर्म म्हणजे पुण्याची खतावणी. इतके केले, इतके जमा झाले. पौलाचे म्हणणे वेगळे आहे. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो की, एका माणसाच्या हातून झालेले साऱ्यांच्या नावावर चढते. आदामाची हार सगळ्यांची हार झाली आणि ख्रिस्ताचा विजय सगळ्यांचा विजय. आपण मिळवला नाही, तरी तो आपला. ऐकणारा लगेच विचारतो, हा न्याय कुठला? दुसऱ्याच्या कष्टाचे फळ मला का? पण हाच माणूस रात्री ‘आम्ही जिंकलो’ म्हणून फटाके उडवतो, तेव्हा त्याला हा प्रश्न पडत नाही. क्लब आपला मानला की त्याचा विजय आपला होतो. किंमत मोजून तो घेता येत नाही. फक्त ‘आपला’ म्हणावे लागते, आणि हरल्यावरही म्हणत राहावे लागते.

हे हरल्यावरचे म्हणणे कठीण. धेंपो क्लबाचीच गोष्ट घ्या. आपल्या देशात धंदेवाईक फुटबॉलाची राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाली, आणि २००७ पासून तिला आय-लीग नाव मिळाले. लीग म्हणजे एका दिवसाची दंगल नव्हे. वर्षभर प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. जिंकला तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक, हरला तर काही नाही. शेवटी वर राहील तो विजेता, आणि तळाचा संघ खालच्या वर्गात उतरतो. धेंपोने ही लीग पाच वेळा जिंकली. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ ही ती वर्षे. पाचही वेळा शिकवणारे आर्मांदो कुलासो. त्या काळात धेंपोचा पाठीराखा असणे काही अवघड नव्हते. उन्हाळ्यात आंब्याच्या झाडाखाली बसण्यासारखे ते होते.

मग २०१४-१५ च्या हंगामात हाच संघ खालच्या वर्गात उतरला. एका वर्षात तो खेळून पुन्हा वर येण्यास पात्र झाला, आणि नेमके त्याच वेळी, २०१६ साली, देशातल्या लीगची नवी मांडणी न पटल्यामुळे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. दरम्यान २०१४ साली शहरोशहरीच्या नव्या संघांची इंडियन सुपर लीग सुरू झाली होती आणि गोव्यातही त्या लीगचा नवा संघ होता. बरेच लोक तिकडे गेले. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण काही जण गोव्यातल्या स्थानिक लीगमध्ये, थोडक्या प्रेक्षकांत, धेंपोचा सामना पाहायला जात राहिले. वर्षामागून वर्षे गेली. २०२३-२४ साली दुसऱ्या वर्गातून वर चढून धेंपो २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये पुन्हा खेळला. मधली आठ वर्षे जे गेले, ते काय पाहायला जात होते?

शुभवर्तमानात लूकने एक प्रसंग सांगितला आहे. येशूला क्रुसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याचे दोन अनुयायी यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाकडे चालले आहेत. वाटेत दोघांचे बोलणे चालले आहे आणि त्यात हरलेल्या माणसाचा सगळा सूर आहे. काय काय वाटले होते आणि काय झाले! एक अनोळखी वाटसरू त्यांच्याबरोबर चालू लागतो, आणि तो कोण हे त्यांना रात्री भाकरी मोडताना कळते. हरलेला सामना पाहून रात्री परतणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ते दोघे ओळखीचे वाटतील. क्रुसाच्या दुःखाशी एका क्लबाची हार तोलायची नाही, तेवढे तारतम्य आपण ठेवू. पण निष्ठेचा स्नायू एकच असतो, लहान कामात वापरला तरी तो बळकट होतो. आपल्या भागातून पंढरीला पायी जाणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पीक बुडालेल्या वर्षीही तो निघतोच.

आता एक अवघड प्रश्न. सामन्यापूर्वी खेळाडू मैदानाची माती बोटाला लावून कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण करतो. समोरच्या संघातलाही करतो. देवाने ऐकायचे कोणाचे? मुले हा प्रश्न हमखास विचारतात आणि शिक्षकांनी तो हसण्यावारी नेऊ नये. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने ऊन आणि पाऊस ह्यांचा दाखला दिला आहे. चांगल्या-वाईट सगळ्यांच्या शेतांवर देव ते सारखेच पाठवतो, असे तो सांगतो. शेतकऱ्याला ह्याहून स्पष्ट काय सांगणार? बांधाच्या अलीकडे पाऊस पडला आणि पलीकडे पडला नाही, असे घडत नाही. मग ती क्रूसाची खूण कशासाठी? ‘मला जिंकव’ एवढ्यासाठी असेल तर ती जुगाऱ्याची प्रार्थना झाली. जाणते पाद्री मुलांना दुसरी शिकवतात. माझ्याकडून कोणाला इजा होऊ नये, जे अंगात आहे ते पुरते खर्ची पडावे, आणि हरलो तर तोंड वाकडे होऊ नये. ही प्रार्थना दोन्ही संघांनी केली तरी देवाला अडचण नाही.

पैशाबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण आपण धंदेवाईक खेळाबद्दल बोलत आहोत. ज्या खेळाडूला तुम्ही काल डोक्यावर घेतले तो पुढल्या वर्षी जास्त पगारावर दुसऱ्या क्लबात जातो. पाठीराख्यांना हा विश्वासघात वाटतो. पण गंमत अशी की, पौल ज्या अध्यायात धावणाऱ्याचा दाखला देतो, त्याच अध्यायात आधी मजुरीबद्दल बोलतो. राबणाऱ्याला त्याच्या कामाचे मिळालेच पाहिजे, मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधू नये, असा जुन्या नियमशास्त्राचा आधार तो काढतो. स्वतः मात्र तंबू शिवून पोट भरी आणि मंडळीकडून काही घेत नसे. म्हणजे हक्क मान्य, आणि तरीही तो सोडण्याची मोकळीक. खेळाडूने पगार घ्यावा, ह्यात वावगे काही नाही. त्याला देव करणे मात्र वावगे, आणि ते आपण करतो, तो नव्हे. पैज लावणे ही तर आणखी खालची पायरी. मोबाइलवर सामन्यावर पैसे लावून घरची बी-बियाण्याची रक्कम घालवणारी पोरे आता खेड्यांतही आहेत. त्या पोराचा कोणताच संघ नसतो, त्याचे प्रेम आकड्यावर असते.

आणि आता जी गोष्ट सांगायची आहे ती मला सर्वांत जड वाटते. ५ डिसेंबर २००४. बंगळूरच्या कंठीरव मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना. धेंपो विरुद्ध कलकत्त्याचा मोहन बागान. धेंपोकडून ब्राझीलचा २५ वर्षांचा खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर खेळत होता. त्याने पहिला गोल केला. मग दुसरा केला, आणि तो करताना पुढे धावत आलेल्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. तो पडला तो उठलाच नाही. धेंपोने चषक २-० असा जिंकला, दोन्ही गोल मेलेल्या माणसाचे. धेंपोने त्याचा १० क्रमांकाचा सदरा पुन्हा कोणाला न देण्याचे ठरवले. त्याच हंगामात क्लबाने आपली पहिली राष्ट्रीय लीग जिंकली.

तो गोलरक्षक होता सुब्रत पाल. तेव्हा तो अठराच्या आसपासचा पोरगा होता. सारा रोष त्याच्यावर आला, काही काळ खेळण्यास बंदीही झाली. आता धेंपोच्या एका ख्रिस्ती पाठीराख्याची कल्पना करा. रविवारी तो मिस्सेला जातो. येशूने शिकवलेली प्रार्थना सर्वांबरोबर म्हणतो. त्या प्रार्थनेत क्षमेची मागणी आहे, आणि तिला एक अट जोडलेली आहे. आपण जशी इतरांना करतो तशी ती आपल्याला मिळावी, अशी ती अट. आयुष्यभर तोंडपाठ म्हटलेली ती ओळ एकदम घशात अडकली नसेल का? घरातल्या भांडणात, भाऊबंदकीत माणूस क्षमेला पळवाटा काढतो, आपलेही चुकले होते म्हणतो. इथे आपला माणूस मेला होता आणि समोर एक पोरगा होता, ज्याचे सगळे आयुष्य पुढे पडले होते.

पुढे काय झाले तेही सांगतो. सुब्रत पालने खेळ सोडला नाही. २००९ साली दिल्लीत नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात सीरियाविरुद्ध निकाल पेनल्टीच्या फटक्यांवर गेला. गोलात तो उभा होता, त्याने फटके अडवले आणि भारत जिंकला. २०१६ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या रात्री, २००९ साली, धेंपोचा पाठीराखाही भारताचाच पाठीराखा होता. ज्याच्या नावाने बोटे मोडली त्याच्याच हातांनी आलेला विजय त्याला ‘आमचा’ म्हणायचा होता. क्षमेवरची प्रवचने पुष्कळ ऐकायला मिळतात. पण क्षमा करायला लावणारी अशी वेळ माणसावर खेळाने आणली, हे ध्यानात घ्या. कोणी ती केली, कोणी केली नसेल. त्याची नोंद कुठल्याही गुणतक्त्यात नसते.

गुणतक्त्याचा विषय निघालाच आहे, तर फुटबॉलचा दाखला कुठे थांबतो तेही सांगितले पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्याची फसगत होईल. खेळात एक जिंकला की दुसरा हरतो. चषक एक, संघ अनेक. श्रद्धेच्या गोष्टीत तसे नाही. तिथे दुसऱ्याला मिळाले म्हणून आपले कमी होत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट आहे. पहाटे लावलेले मजूर, दुपारी लावलेले मजूर, आणि दिवस मावळायच्या बेताला लावलेले मजूर. संध्याकाळी धन्याने सगळ्यांना सारखीच मजुरी दिली, आणि तीही शेवटी आलेल्यापासून वाटायला सुरुवात करून. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरले. धनी म्हणाला त्याचा भावार्थ एवढाच, की तुमचे ठरलेले तुम्हाला मिळाले. मी दुसऱ्यावर उदार झालो, त्यात तुमचे काय गेले?

शिक्षकबंधूंना माझी सूचना अशी की, ही गोष्ट वर्गात सांगून पाहावी. आधी फळ्यावर एखाद्या लीगचा गुणतक्ता काढावा, तीन गुण, एक गुण, शून्य, वरपासून खालपर्यंत. मुलांना तो पटकन कळतो आणि योग्यही वाटतो. मग त्याच फळ्यावर मळ्यातल्या मजुरांचा तक्ता काढावा. सकाळचे, दुपारचे, संध्याकाळचे, आणि पुढे सगळ्यांच्या नावासमोर तोच एक आकडा. ज्या मुलांची आई सोयाबीनच्या सोंगणीला रोजाने जाते, ती मुले हात वर करतील. त्यांना बोलू द्यावे आणि तास संपेपर्यंत आपण उत्तर देऊ नये.